दसऱ्यापर्यंत न उघडलेलं खोकं

मी भूल देणारा डॉक्टर आहे. मिरजेहून निघालो, मुंबईत शिकलो, आणि आता कार्डिफमध्ये इतकी वर्षं झाली की कुणी ‘तुम्ही मूळचे कुठले’ विचारलं तर आधी समोरच्याचा चेहरा बघतो आणि मग ठरवतो, किती मागे जायचं. माझ्या कामात बोलावं कमी लागतं, तपासावं जास्त लागतं. घरातही माझी ख्याती तीच. विमानाची तिकिटं, गॅस, मागचं दार, बाबाने बघितलंय म्हणजे झालं, असं बायको आणि मुलगी धरून चालायच्या. पुढे जे घडलं ते या धरून चालण्यामुळेच घडू शकलं.

मुलगी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात जाणार होती. एका संध्याकाळी जेवताना तिने सांगितलं, “मला कॉम्प्युटर बांधायचाय.”

“बांधायचा?” बायको म्हणाली. ती जीपी आहे, दिवसभर लोकांची दुखणी ऐकून येते आणि घरी आल्यावर प्रत्येक वाक्याचं निदान करते. “घर आहे का ते? दुकानात मिळतो की तयार.”

“आई, गेमिंगचा. सगळे पार्ट्स आपण निवडायचे, वेगळे आणायचे आणि स्वतः जोडायचे.”

“म्हणजे शेवटच्या वर्षात गेम खेळायचे.”

“आणि मला मेडिसिन नाही करायचाय. मला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचाय.”

तिने हे दुसरं वाक्य पहिल्याच्याच सुरात म्हटलं, भाजी वाढ म्हणावं तसं. ती इथेच वाढली, त्यामुळे तिच्या मराठीत ‘तो-ती-ते’ची कायम गल्लत असते. बायकोने डाव भांड्यात ठेवला. आमच्या ओळखीतल्या घरांमध्ये मुलं एक तर मेडिसिनला जातात किंवा ‘त्याने नाही केलं’ असं त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोललं जातं. बायको म्हणाली, “ठीक आहे. बांधून दाखव. मेडिसिनचे फॉर्म ऑक्टोबरच्या मध्यात बंद होतात. त्याच्या आत तुझा तो डबा चालू करून दाखवलास, तर मी इंजिनिअरिंगला एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं, तर मुकाट्याने मेडिसिनचा फॉर्म भरायचा.”

“डील,” मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “बाबा, तू कुणाच्या टीममध्ये?”

“तुझ्या,” मी म्हटलं.

आता खरं सांगायचं तर तिने डॉक्टर व्हावं असं मलाही वाटत होतं. मी ते कधी बोललो नाही, कारण बायको बोलत होती. घरात एकाने वाईटपणा घेतला की दुसऱ्याला चांगलं राहता येतं. मी चांगला राहिलो.

तो उन्हाळा आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर काढला. त्याआधी माझं आणि तिचं बोलणं म्हणजे ‘स्टेशनवर सोडू का’ आणि ‘चार्जर बघितलास का’ एवढंच होतं. आता ती मला शिकवत होती. प्रोसेसर कुठला घ्यायचा त्यावर मदरबोर्ड ठरतो, कारण प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक बोर्डावर बसत नाही. बोर्ड ठरला की त्यावर मेमरी कुठली चालेल ते ठरतं. ग्राफिक्स कार्ड लांब असेल तर डब्यात मावत नाही. कूलर उंच असेल तर डब्याचं झाकण लागत नाही. आणि या सगळ्यांना पुरेल एवढी वीज देणारा पॉवर सप्लाय हवा. एक निवडलं की दुसरं बदलायचं, दुसरं बदललं की पहिलं परत बघायचं. एका वेबसाइटवर ती यादी करत असे. सगळं एकमेकांशी जुळलं की वर हिरवी पट्टी यायची. ती पट्टी हिरवी झाली की ती टेबलावर ताल धरायची आणि मग परत काहीतरी बदलून ती लाल करायची.

“कशाला मोडतेस? जुळलं होतं की.”

“जुळलं होता, पण छान नव्हता.”

तिला छोटा डबा हवा होता, कारण होस्टेलच्या खोलीत न्यायचा होता, आणि कार्ड मात्र मोठं हवं होतं. कार्ड आत मावेल का, यावर तिचा वेबसाइटवर विश्वास बसेना. एका रविवारी तिने नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बरोबर त्या मापाचं कार्ड बनवलं, आणि बुटांच्या खोक्याला डब्याच्या मापाच्या भिंती लावून ते त्यात सरकवून बघितलं. पुठ्ठा बसला. अगदी कडेला बोटभर जागा उरली. तिने मला हाक मारून ते दाखवलं. मी पाहिलं, आणि माझ्या मनात आलं की ही पोरगी हे काम करू शकेल. फॉर्म, परीक्षा, पुढची नोकरी, सगळं तिला जमेल. ते मनात आल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. भीतीही नाही म्हणता येणार. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असूनही आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं.

मी तिला आमच्या ऑपरेशन थिएटरमधली एक गोष्ट सांगितली. भिंतीतून ऑक्सिजन येतो, दुसऱ्या जागेतून दुसरे वायू येतात. प्रत्येक नळीच्या तोंडाला वेगळ्या मापाची कडी असते. ऑक्सिजनची नळी दुसऱ्या जागी कितीही जोर लावला तरी बसत नाही. मुद्दामच तशी केलेली असते, म्हणजे दमलेल्या माणसाच्या हातूनही चूक होऊ नये.

“बाबा! मेमरीला पण सेम आहे,” ती म्हणाली. “जुन्या मेमरीची खाच वेगळ्या जागी, नव्या मेमरीची वेगळ्या. मिक्स नाहीच करू शकत. म्हणजे तुझ्या जॉबमध्ये पण कंपॅटिबिलिटी आहे!”

तिला माझ्या कामाबद्दल काही आवडल्याची ती पहिलीच वेळ असावी.

ऑर्डर मी करायची असं ठरलं होतं. तिने लिंक पाठवायची, मी घ्यायचं. डबा आला, पॉवर सप्लाय आला, कार्ड आलं, प्रोसेसर आणि मेमरीही आली. सप्टेंबरच्या सुरुवातीला हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीत बसलो असताना तिचा मेसेज आला: ‘बोर्ड आज डिस्काउंटवर आहे, लगेच घे.’ खाली लिंक होती. पान उघडलं. एकाच नावाचे दोन बोर्ड होते, एक जुन्या मेमरीचा, एक नव्या मेमरीचा, आणि कुठला हवा ते निवडायला खाली दोन छोटी बटणं. मी ती बटणं बघितलीच नाहीत. जे आधीच निवडलेलं होतं ते घेतलं आणि आत गेलो. थिएटरमध्ये पेशंट यायचा होता. इथपर्यंत ती साधी चूक होती.

दोनेक दिवसांनी खोकं आलं, तेव्हा मी घरी एकटाच होतो. पाकीट फाडून मी ते बाहेर काढलं. कोपऱ्यात स्टिकर होता, आणि तिने उन्हाळाभर शिकवल्यामुळे मला तो वाचता आला. जुन्या मेमरीचा बोर्ड. आमच्याकडे येऊन पडलेली मेमरी नवी. महिन्याभरात परत करता येतं, खोकं उघडायचं नाही, एवढंच. अगदी सोपं होतं. ती शाळेतून आली की म्हणायचं, ‘अगं, माझ्याकडून चुकीचं बटण दाबलं गेलं, उद्या परत करतो.’

ती आली. मी बोललो नाही.

आधी नुसती लाज वाटली, सगळं दोनदा बघणारा माणूस मी. म्हटलं, जेवण झाल्यावर सांगू. जेवताना ती म्हणाली की तिने इंजिनिअरिंगच्या फॉर्मसाठी स्वतःबद्दलचं निवेदन लिहायला घेतलंय आणि त्याची सुरुवातच या कॉम्प्युटरने होणार आहे. बायको म्हणाली, “आधी चालू तर होऊ दे. आणि मेडिसिनचंही लिहून ठेव, त्याची प्रवेशपरीक्षा दिलीयेस ना उन्हाळ्यात, वाया कशाला घालवायची?” मी आमटीभात कालवत होतो. आणि माझ्या तोंडून निघालं, “मी काय म्हणतो, सगळी खोकी आत्ता उघडायची नाहीत. दसऱ्याला पूजा करू आणि मग उघडू.”

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी देवाधर्माचा माणूस नाही. नवी गाडी आणली तेव्हा नारळ बायकोने फोडला होता आणि मी टायरांतली हवा बघत होतो.

“तुला काय झालं अचानक?” बायको म्हणाली, पण खूश होऊन.

“मिरजेला बाबा खंडेनवमीला स्टेथोस्कोप आणि कात्र्या पाटावर मांडायचे. हत्यारं आहेत ही. नवी आहेत. देवासमोर ठेवू आणि दसऱ्याला हात लावू.” हे खोटं नव्हतं. माझे वडील खरंच मांडायचे. खरी गोष्ट खोट्या कामाला वापरली, एवढंच.

“पण बाबा, यूट्यूबवर सांगतात, आल्या आल्या टेस्ट करा, नाहीतर रिटर्नची डेट जाते.”

“काही होत नाही. मी बघितलंय सगळं,” मी म्हटलं.

मी बघितलंय म्हटल्यावर आमच्या घरात विषय संपायचा.

आमचे देव बॉयलरशेजारच्या कपाटात आहेत. खालच्या फळीवर मी सगळी खोकी रचली, आणि बोर्डाचं खोकं असं ठेवलं की स्टिकर भिंतीकडे राहील. त्यानंतर मी रोज त्या कपाटातून टॉवेल काढत होतो. परत करायची मुदत कधी संपते ते मला माहीत होतं. ती संपली. मी टॉवेल काढला.

मी त्या दिवसांत काय विचार करत होतो असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. कट केला असता तर निदान काही आठवलं असतं. मी कामाला जात होतो, माणसांना भूल देत होतो, त्यांना उठवत होतो. मुलगी यादी बंद करून गणितं करत बसली होती. एवढंच आठवतं.

दसऱ्याला बायकोने झेंडूचं तोरण केलं. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत म्हणून बागेतल्या कुठल्याशा झुडपाची पानं आणून ठेवली. खोकी पाटावर मांडली आणि प्रत्येकावर हळदीकुंकू वाहिलं.

“आई, बास, बास! कुंकू आत गेला तर? सॉकेटमधला एक पिन वाकडा झाला की संपला सगळा.”

“देवाचं कुंकू आहे. काही वाकडं होत नाही.”

“देवाला सॉकेट माहितीये का?”

बायको हसली. मी पण हसलो. जेवणाच्या टेबलावर मुलीने जुनी चादर पसरली आणि खोली तापवणाऱ्या मेटलच्या रेडिएटरला हात लावून आली, म्हणजे अंगातली वीज निघून जाते. सगळ्यात आधी बोर्ड काढला. खोकं तिने बाजूला खुर्चीवर ठेवलं, वाचलं नाही. बाबाने आणलेलं होतं. मग प्रोसेसर. तो बसवताना श्वास रोखावा लागतो, इतका नाजूक प्रकार. मी तिचे हात बघत होतो. ते जराही हलत नव्हते. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या कित्येकांचे पहिल्या वर्षी तसे नसतात.

मग तिने मेमरी घेतली. लावली. बसेना. उलटी करून लावली. तरी बसेना. अंगठ्याने थोडं दाबलं.

“जोर लावू नकोस,” मी म्हटलं.

ती थांबली. मेमरी डोळ्यांसमोर धरली, बोर्डावरची खाच बघितली, परत मेमरी बघितली. मग खुर्चीवरचं खोकं उचललं आणि फिरवून स्टिकर वाचला. मी समोरच बसलो होतो. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग मान हळूहळू लाल होत गेली.

“ही चुकीची बोर्ड आहे,” ती म्हणाली. “जुन्या मेमरीची आहे.” आणि लगेच, मला काही म्हणायला वेळ न देता, “मी चुकीची लिंक पाठवली असणार. मी इतक्या वेळा लिस्ट बदलली ना. शिट. बाबा, सॉरी. माझा चूक आहे.”

आतून बायकोचा आवाज आला, “झाला का चालू? पुरणपोळी गार होतेय.”

वेळ मला होता. आता जेव्हा आठवतं तेव्हा वाटतं, खूप वेळ होता. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी म्हणालो, “होतं असं.”

एवढेच दोन शब्द. मी त्यानंतर पेशंटच्या नातेवाइकांशी, मित्रांशी, स्वतःशी कितीतरी बोललो असेन. पण कुणी विचारलं की आयुष्यात काय बोललास, तर हेच.

“दुसरा मागवू,” मी म्हटलं. “आठवड्यात येईल.”

“आणि निवडणार कोण? परत मीच ना?” तिने प्रोसेसर बोर्डावरून काढला आणि त्याच्या प्लास्टिकमध्ये परत ठेवला. “आई बरोबर म्हणते. एवढा साधा गोष्ट मी दोन महिने बघून चुकवला. इंजिनिअर लोक पूल बांधतात.”

मी आग्रह केला नाही. करायला हवा होता, निदान तेवढं तरी. बायको हात पुसत बाहेर आली, टेबलावरचा पसारा बघून सगळं समजली, आणि तिला जिंकल्याचा आनंद झाला नाही हे मी सांगितलं पाहिजे. तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. “जाऊ दे गं. चल जेवायला.” मेडिसिनचं निवेदन मुलीने लिहून ठेवलं होतंच. फॉर्म त्या आठवड्यात गेला.

तिला बर्मिंगहॅमला प्रवेश मिळाला. आम्ही पेढे वाटले.

त्यानंतर ही गोष्ट आमच्या घराची एक गंमत झाली. दिवाळीच्या फराळाला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, कुणाच्या मुलाच्या अॅडमिशनचा विषय निघाला की बायको सांगायची, “आमच्या बाईसाहेबांनी कॉम्प्युटर बांधायला घेतला होता. दोन महिने संशोधन! आणि दसऱ्याला उघडतात तर काय, बोर्ड एका गावचा आणि मेमरी दुसऱ्या गावची!” ती छान सांगते. पुठ्ठ्याचं कार्ड, बुटांचं खोकं, सॉकेटवरचं कुंकू, सगळं रंगवून. लोक हसायचे. मुलगी असली तर तीही हसायची आणि म्हणायची, “इंजिनिअरिंगनी थँक यू कार्ड पाठवलाय मला.” मीही हसायचो. मी प्रत्येक वेळी हसलो.

ती दुसऱ्या वर्षाला होती. ईस्टरच्या सुट्टीनंतर मी तिला गाडीने बर्मिंगहॅमला सोडायला चाललो होतो. ती कॉलेजबद्दल बोलत होती, मी ऐकत होतो. तिचा ग्रुप तिला चिडवतो म्हणाली. वॉर्डवर औषधांचा तक्ता वाचायला दिला की बाकीचे दोनदा वाचतात, ही पाच-सहा वेळा वाचते. ट्यूटरनी त्याबद्दल शाबासकीही दिली होती.

“माझ्यावर गेलीस,” मी म्हटलं. ते तोंडातून निघालंच.

“नाही रे बाबा,” ती हसून म्हणाली. “तू बघतोस कारण तू केअरफुल आहेस. मी बघते कारण मला माहितीये मी कोण आहे. मी ती मुलगी आहे जी बोर्ड चुकवते. माझ्या डोक्यात एक खाच चुकीच्या जागी आहे. कधीतरी तिथून पेशंट मरेल असं मला रोज वाटतं.”

ती हे गमतीत म्हणत होती. निदान सुरात गंमत होती. मोटरवेवर पाऊस नव्हता, ट्रॅफिक नव्हतं, थांबायचं काही कारण नव्हतं. मी पुढच्या सर्व्हिसेसला, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्यावर, गाडी आत घेतली आणि बंद केली.

“टॉयलेटला जायचंय?” तिने विचारलं.

“बोर्ड तू चुकवला नाहीस. मी चुकवला. तुझी लिंक बरोबर होती. त्या पानावर दोन बटणं होती, मी बघितलं नाही.”

ती माझ्याकडे वळली. मग, “कधी कळला तुला?”

“खोकं आलं त्या दिवशी.”

“दसऱ्याला?”

“नाही. आलं त्या दिवशी. सप्टेंबरमध्ये.”

मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. ती समोरच्या काचेतून बघत होती. एक माणूस कुत्र्याला गवतावर फिरवत होता.

“म्हणजे पूजा,” ती म्हणाली. “पूजेचा आयडिया...”

“हो.”

“तुला मेडिसिन हवा होता.”

“हो. पण मी तसं ठरवलं नव्हतं. मी नुसता गप्प राहिलो.”

“सेम आहे,” ती म्हणाली. “सॉरी म्हणू नको आता. प्लीज. आई ती स्टोरी सांगते तेव्हा तू हसतोस.”

“हो.”

“गाडी चालू कर. मला उशीर होतो.”

तिच्या बिल्डिंगपाशी तिने स्वतःच डिकीतून बॅगा काढल्या. मी उतरलो तर म्हणाली, “राहू दे.” मग दाराशी जाऊन परत आली आणि खिडकीतून म्हणाली, “आईला मी नाही सांगणार. तो तुझा काम आहे.”

मी बायकोला सांगायला दोन आठवडे घेतले. ती मेथी निवडत होती. मी उभा राहूनच सांगितलं. ती पानं खुडत राहिली, शेवटची जुडी संपेपर्यंत. मग म्हणाली, “मी तिला चारचौघांत किती हसले रे. माझ्याकडून हसवून घेतलंस तू.” मला वाटलं हे झालं. पण तिने देठ गोळा केले, केराच्या डब्यात टाकले, आणि हात धुताना पाठमोरीच म्हणाली, “आता ही गोष्ट तू सांगायची. ज्यांच्यासमोर मी सांगितली त्यांच्यासमोर. पूर्ण.”

मे महिन्यात एका मित्राच्या घरी जमलो होतो, नेहमीचीच पाचसहा डॉक्टर मंडळी. कुणाच्या तरी मुलाला संगीत शिकायचं होतं आणि त्यावर चर्चा चालू होती. एक वहिनी बायकोला म्हणाल्या, “तुमची ती कॉम्प्युटरची गोष्ट सांगा ना यांना.” बायकोने माझ्याकडे बघितलं. मी सांगितली. मला तिच्यासारखी सांगता येत नाही. कार पार्क, बटणं, स्टिकर, भिंतीकडे फिरवलेलं खोकं, ‘होतं असं’, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. यजमान चहाचा कप धरून तसाच उभा राहिला. मग एक जण, माझ्याहून मोठे, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस? मेडिसिनला गेली ना? म्हणजे शेवटी चांगलंच झालं की.” दोघातिघांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, देवाच्याच मनात होतं. मग चकल्या फिरल्या आणि संगीताचा विषय परत सुरू झाला.

गाडीत बायको म्हणाली, “ऐकलंस?” मी म्हटलं, “ऐकलं.” मला हलकं वाटेल असं मी धरून चाललो होतो. तसं काही झालं नाही. जडही वाटलं नाही.

मुलीने दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली, चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि मेडिसिन सोडलं. हे तिने आईला फोनवर सांगितलं. मी शेजारीच होतो. स्पीकर चालू होता. ती म्हणाली, मी नापास होऊन नाही सोडत, हे लक्षात ठेव आई, कुणी विचारला तर हे सांग. बायको म्हणाली, सांगेन. दोन वर्षं वाया गेली असं काही बायकोच्या तोंडून निघालं नाही. मला वाटलं होतं निघेल. तिने फक्त विचारलं, “तुला नक्की जमेल ना?” “माहीत नाही,” मुलगी म्हणाली. “मला कधी कळलाच नाही ना, जमतो की नाही. आता बघते.”

बाबाला देऊ का फोन, असं बायकोने विचारलं. ती म्हणाली, आज नको.

सप्टेंबरमध्ये ती दुसऱ्या शहरात पहिल्या वर्षाला बसली, अठरा वर्षांच्या मुलांबरोबर, इंजिनिअरिंगला. सामान सोडायला बायको एकटी गेली. मी त्या दिवशी कामाला होतो. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती, पण मला कुणी ये म्हटलं नव्हतं. ती माझ्याशी भांडलेली नाही. वाढदिवसाला फोन करते, मी कशी आहेस विचारतो, ती बरी आहे म्हणते. अभ्यासाचं मी विचारत नाही. विचारायचा हक्क गेला असं काही तिने म्हटलेलं नाही, मीच समजतो. पहिल्या सहामाहीत ती एका विषयात कशीबशी पास झाली आणि एका विषयात वर्गात पहिली आली, हे मला बायकोने सांगितलं. कुठल्या विषयात काय, ते मी विचारलं. बायको म्हणाली, “तिलाच विचार.”

अजून विचारलेलं नाही.